पक्षाचे नाव नको, साल सांगा



अमेरिकेत निवडणूक आली की एक जुने भांडण नव्याने सुरू होते. रिपब्लिकन पक्षाचा माणूस म्हणतो, "गुलामांना मुक्त करणारा लिंकन आमचा. गुलामगिरी राखणारे, काळ्यांचा मताधिकार हिरावणारे ते डेमोक्रॅट. मग काळी माणसे मते त्यांनाच कशी देतात?" डेमोक्रॅट पक्षाचा माणूस उत्तर देतो, "नागरी हक्कांच्या कायद्यावर सही आमच्या अध्यक्षाची. गरिबाला धान्याची कुपने आम्ही दिली, दवाखान्याचा खर्च आम्ही उचलला. तुमचा लिंकन जाऊन किती वर्षे झाली?" हे भांडण आता मोबाइलवरून आपल्याही घरात येते. कॉलेजात जाणारी मुले ते ऐकतात आणि विचारतात, यात खरे कोणाचे?

आमचे उत्तर असे की दोघेही खरे बोलतात आणि दोघेही अर्धेच बोलतात. पक्षाचे नाव सांगितले जाते, साल सांगितले जात नाही. पाटी तीच राहते आणि आतले दुकान बदलते. अमेरिकेत हे कसे घडले आणि तिथल्या गरीब काळ्या माणसाने आपले मत कसे वापरले, हे आज आपण सालावार पाहू.

रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला १८५४ साली. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले, १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले आणि १८६५ च्या १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने नागरिकत्व मिळाले. १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने वर्णावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरले. त्याच १८७० साली मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले आणि साउथ कॅरोलायनातून जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात गेले. दोघेही काळे, दोघेही रिपब्लिकन. रेनी तर जन्माने गुलाम होते. काल ज्याचा बाजारात भाव केला जात होता, तो आज कायदे करायला बसला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच काळात. तेव्हा काळ्या माणसाने रिपब्लिकन पक्षाला मत देणे अगदी स्वाभाविक होते.

पण १८७६ ची निवडणूक वादात सापडली. १८७७ मध्ये तडजोड झाली. रिपब्लिकन हेस अध्यक्ष झाले आणि दक्षिणेत काळ्यांच्या रक्षणासाठी उरलेले सरकारी सैन्य बाजूला झाले. लिंकनच्या पक्षाने खुर्ची घेतली आणि काळ्या माणसाला त्याच्या जुन्या मालकांच्या हाती सोडले. त्या मालकांचा पक्ष होता डेमोक्रॅट.

मग मताधिकार काढून घेण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. घटनेत 'काळा' हा शब्द लिहिता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या वाटा शोधल्या. मत द्यायचे तर डोईपट्टी भरा. मत द्यायचे तर राज्यघटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा कारकून. लुइझियाना राज्यात १८९८ मध्ये असा नियम केला की ज्याचा बाप किंवा आजा १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. १८६७ पूर्वी काळ्या माणसाचा आजा मतदार कुठून असणार? त्या राज्यात १८९६ साली यादीवर १,३०,३३४ काळे मतदार होते. १९०४ साली उरले १,३४२. बंदुकीने जे पुरते साधले नव्हते, ते कागदाने साधले. १९०१ मध्ये दक्षिणेतला शेवटचा काळा प्रतिनिधी जॉर्ज व्हाइट संसदेतून बाहेर पडला आणि त्यानंतर १९७३ पर्यंत दक्षिणेतून एकही काळा माणूस तिथे पोचला नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. डोईपट्टी गरीब गोऱ्यालाही भरावी लागत होती. ज्याच्या खिशात दीड-दोन डॉलर नव्हते, तोही यादीतून गेला. पण त्याला सांगितले गेले, तू गरीब असलास तरी गोरा आहेस, काळ्यापेक्षा वर आहेस. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले. मत दोघांचेही गेले आणि जमीनदाराचे राज्य पक्के झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्षाचे वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले होते आणि वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या व गोऱ्या नोकरांना वेगळे बसवण्याचे काम सुरू झाले होते. काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९१२ मध्ये याच विल्सन यांना पाठिंबा दिला होता. रिपब्लिकन पक्ष काळ्या माणसाला गृहीत धरू लागला, तर एकदा दुसरे दार ठोठावून पाहावे, असा त्यांचा विचार होता. दार उघडले, पण आत जागा नव्हती. ड्यू बॉइस यांनी विल्सन यांना जाहीर पत्र लिहून जाब विचारला. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने जाणाऱ्या अर्जाविषयी चौकशी केली आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

मग काळे मतदार डेमोक्रॅट झाले कधी? त्याचे उत्तर पोटात आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून काळ्यांची कुटुंबे गाठोडी बांधून उत्तरेला निघाली. १९७० पर्यंत सुमारे ६० लाख माणसे शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, पिट्सबर्ग अशा शहरांत गेली. तिथे कारखाने होते आणि मतपेटीही उघडी होती. शिकागोतून १९२८ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट हे काळे रिपब्लिकन निवडून गेले. त्यानंतर १९२९ ची मंदी आली. कारखाने बंद पडले आणि कामावरून काढताना पहिला नंबर काळ्याचा लागला.

पिट्सबर्गमध्ये काळ्या समाजाचे 'पिट्सबर्ग कुरियर' नावाचे साप्ताहिक होते. त्याचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी १९३२ मध्ये जाहीर सभेत सांगितले की घरोघरी लावलेली लिंकनची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण फिटले. त्या काळी हे बोलायला धाडस लागत होते. लिंकनची तसबीर म्हणजे त्या घरांतले दैवत. लोकांनी लगेच ऐकले असे नाही. १९३२ मध्ये बहुसंख्य काळे मतदार रिपब्लिकन पक्षाबरोबरच राहिले. पण रूझवेल्ट यांच्या सरकारने कामे काढली, रोजगार दिला, आणि १९३६ मध्ये सुमारे ७१ टक्के काळ्या मतदारांनी डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना मत दिले. त्याआधी १९३४ मध्येच डी प्रीस्ट यांना आर्थर मिचेल या काळ्या डेमोक्रॅटने हरवले होते. संसदेत निवडून गेलेला तो पहिला काळा डेमोक्रॅट.

रूझवेल्ट यांच्या पक्षाने काळ्यांना बरोबरीचे मानले होते काय? नाही. १९३५ चा म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा पाहा. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया वगळल्या गेल्या. दक्षिणेत ही कामे कोण करीत होते ते सांगायला नको. काळ्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक असे कायद्याबाहेर राहिले. काळ्यांना जमाव करून ठार मारण्याविरुद्धच्या कायद्याच्या मागेही रूझवेल्ट ठामपणे उभे राहिले नाहीत, कारण दक्षिणेतले डेमोक्रॅट खासदार रुसले असते. काळ्या मतदाराला हे दिसत होते. पण एका घरात नुसती तसबीर होती आणि दुसऱ्या घरात निदान अर्धी भाकरी होती. उपाशी लेकरांच्या आईने भाकरीचे घर धरले, तिला कोणी नावे ठेवू नयेत.

डेमोक्रॅट पक्षाच्या पोटात आता दोन पक्ष झाले. उत्तरेचा कामगारांचा, दक्षिणेचा जमीनदारांचा. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला आणि पक्षाने नागरी हक्कांचा ठराव केला. तेव्हा साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड वेगळी चूल मांडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि दक्षिणेतली ४ राज्ये जिंकले.

निर्णायक साल १९६४. नागरी हक्कांचा कायदा सिनेटमध्ये आला. दक्षिणेच्या डेमोक्रॅट सदस्यांनी भाषणे लांबवून तो अडवून धरला. शेवटी ७३ विरुद्ध २७ मतांनी कायदा संमत झाला. बाजूने रिपब्लिकन ३३ पैकी २७ आणि डेमोक्रॅट ६७ पैकी ४६. रिपब्लिकन माणूस आजही हे आकडे अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहेत. पण आता दुसऱ्या रीतीने मोजू. यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या ११ राज्यांचे २२ सदस्य होते. त्यांपैकी २१ जणांनी विरोध केला. म्हणजे रेघ पक्षापेक्षा प्रदेशाची होती. कायद्यावर सही डेमोक्रॅट जॉन्सन यांनी केली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी बॅरी गोल्डवॉटर यांना उभे केले. त्यांनी या कायद्याविरुद्ध मत दिले होते. आधीच्या दोन नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. यावेळी मात्र खाजगी व्यवहारात आणि राज्यांच्या अधिकारात केंद्राने हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिणेने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. स्वतःचे ॲरिझोना सोडले तर गोल्डवॉटर फक्त दक्षिणेतली ५ राज्ये जिंकले. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली, कारण तिथे बहुतेक काळ्यांना मत देऊच दिले जात नव्हते. थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. १९५६ मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना काळ्यांची सुमारे ३९ टक्के मते होती. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांना मिळाली सुमारे ६ टक्के.

या सगळ्या पुढाऱ्यांपेक्षा आमच्या मायबहिणींनी एक नाव लक्षात ठेवावे. फॅनी लू हेमर. २० भावंडांतली धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. १९६२ मध्ये ती मतदार यादीत नाव घालायला गेली. त्याच दिवशी मळेवाल्याने तिला घराबाहेर काढले. त्या मळ्यात तिने १८ वर्षे राबून काढली होती. १९६३ मध्ये तुरुंगात तिला इतके मारले की ते दुखणे जन्माचे जडले. १९६४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या अधिवेशनात ती उभी राहिली आणि विचारले की मिसिसिपीतून फक्त गोरे प्रतिनिधी कसे? टीव्हीवर तिचे बोलणे चालू असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. ज्या अध्यक्षाने महिन्यापूर्वी नागरी हक्काच्या कायद्यावर सही केली, तोच हा अध्यक्ष. पक्षाने तिच्या माणसांना दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. दोन जागांसाठी एवढा मार खाल्ला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मताधिकाराचा कायदा झाला. मिसिसिपीत यादीवर काळे मतदार होते ६.७ टक्के, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. १९६८ च्या अधिवेशनात हेमरबाईंना मानाने बसवले गेले.

मत मिळाले तरी चूल पेटली नव्हती. म्हणून हेमरबाईंनी गरीब घरांना पाळायला डुकरीण देण्याची योजना चालवली. पिल्ले त्या घराची, आई परत योजनेकडे, पुढच्या घरासाठी. १९६९ मध्ये सहकारी शेतीही उभारली. मार्टिन ल्यूथर किंगही शेवटी याच वाटेवर होते. १९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले. सुमारे १,३०० कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घालून ते रस्त्यावर आले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या किंग यांचा ४ एप्रिलला तिथेच खून झाला. मग १२ दिवसांनी नगरपालिकेने युनियन मान्य केली.

आता गरिबीच्या वादाकडे येऊ. १९६४ मध्ये जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा ते केंटकीच्या डोंगरात एका गोऱ्या गरीब कुटुंबाच्या ओसरीवर जाऊन बसले. वर्तमानपत्रांत गरिबीचा चेहरा गोरा होता. पण काही वर्षांतच तो चेहरा काळा झाला आणि त्याबरोबर लोकांची भाषाही बदलली. गोरा गरीब होता तेव्हा त्याला 'बिचारा' म्हणत. काळा गरीब दिसू लागला तेव्हा 'आळशी', 'सरकारी पैशावर जगणारा' हे शब्द आले. १९७६ मध्ये रिपब्लिकन रीगन सभांतून शिकागोच्या एका बाईने सरकारी मदत कशी लुबाडली, ते सांगत फिरले. वर्ण सांगायची गरजच पडली नाही. आणि १९९६ मध्ये गरीब आयांना मिळणाऱ्या मदतीला वर्षांची मुदत घालणारा कायदा कोणाच्या सहीने झाला? डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या.

आकडे मात्र दुसरेच बोलतात. २०१९ मध्ये सरकारी मोजणीनुसार गरीब गोरे सुमारे १ कोटी ४२ लाख होते आणि गरीब काळे सुमारे ८१ लाख. म्हणजे संख्येने गोरे अधिक. पण काळ्यांमध्ये गरिबीचे प्रमाण १८.८ टक्के आणि गोऱ्यांमध्ये ७.३ टक्के. दोन्ही आकडे एकत्र ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

काळ्यांच्या विद्वानांतही यावर एकमत नाही आणि ते बरेच आहे. थॉमस सॉवेल म्हणतात, काळ्यांची गरिबी सरकारी योजना येण्याआधीपासून वेगाने कमी होत होती, मदतीने उलट कुटुंबे मोडली. विल्यम ज्युलियस विल्सन म्हणतात, शहरांतले कारखाने गेले, काम गेले, आणि काम गेले की कुटुंब मोडते. आम्ही १९५९ आणि १९६९ चे आकडे ताडून पाहिले. काळ्यांतील गरिबी ५५.१ टक्क्यांवरून ३२.२ टक्क्यांवर आली. त्या दहा वर्षांत कारखानेही चालू होते, हक्कही मिळाले आणि मदतही मिळाली. तिन्ही हातांनी ओढले तेव्हा गाडा हलला. आमचे मत विल्सन यांच्या बाजूला झुकते.

गोऱ्या गरिबानेही घर बदलले आहे. वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी कोळसा खाणींची. १९६१ मध्ये नव्या योजनेतली धान्याची पहिली कुपने इथेच वाटली गेली. २००८ मध्ये या काउंटीने ओबामा यांना मते दिली. खाणी बंद होत गेल्या, माणसे निघून गेली, आणि २०१६ मध्ये तिथल्या प्रत्येक तीन मतदारांपैकी दोघांहून अधिक ट्रम्प यांच्याकडे गेले. त्यांना सगळ्यांना वर्णद्वेष्टे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आठ वर्षांपूर्वी काळ्या अध्यक्षाला मत देणारी माणसे का गेली, हे त्या पक्षाने स्वतःला विचारायला हवे.

काळ्यांच्या घरातही आज चर्चा चालू आहे. २००८ मध्ये सुमारे ९५ टक्के मते ओबामांना होती. २०२४ मध्ये कमला हॅरिस हरल्या, तरी दहापैकी आठाहून अधिक काळे मतदार त्यांच्याबरोबर राहिले. पण काही तरुण दुसरीकडे वळले. साउथ कॅरोलायनात तर २०१० मध्ये टिम स्कॉट या काळ्या रिपब्लिकनने पक्षातल्या लढतीत थर्मंड यांच्याच मुलाला हरवले आणि ते २०१३ मध्ये सिनेटमध्ये गेले. दुसऱ्या बाजूला त्याच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मताधिकार कायद्याचा एक मोठा आधार काढून घेतला. जुन्या माणसांना म्हणून धास्ती वाटते. तरुण म्हणतात, आमचे मत कोणाच्या खिशात नाही. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ज्याचे मत ठरलेले आहे त्याला एक पक्ष विचारीत नाही आणि दुसरा मोजीत नाही. आणि ज्याचे मत विखुरले त्याला दोघेही घाबरत नाहीत. ही अडचण खरी आहे, तिला सोपे उत्तर नाही.

पण एवढे नक्की दिसते की काळ्या समाजाने दीडशे वर्षांत कोणत्याही पक्षाशी लग्न लावले नाही. हक्क देणाऱ्याला मत दिले. त्याने हात सोडला तेव्हा भाकरी देणाऱ्याकडे गेले. भाकरी देणाऱ्याने मान दिला नाही, तेव्हा हेमरबाई त्याच्याच मांडवात उभी राहून भांडली. मुलांनी मोबाइलवर पुन्हा ते भांडण ऐकले, तर त्यांना सांगा, पक्षाचे नाव सांगणाऱ्याला आधी साल विचारा. मग विचारा, त्या साली यादीत नाव कोणाचे होते, पेन्शनमधून कोणाला वगळले, आणि कचऱ्याच्या गाडीखाली मेले ते कोण.